पूर्ण माफी

"चौकशी मी करतो," असं लाँड्रीवाले म्हणाले, तेव्हा त्यांच्या हातात गरम इस्त्री होती आणि मनात स्वच्छ हेतू होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काहीतरी जळतंच, असा त्यांच्या बायकोचा अनुभव होता. मागे असाच स्वच्छ हेतू ठेवून ते फ्रिजची चौकशी करायला गेले होते. परत आले ते फ्रिजवाल्याचे कोट धुवायला घेऊन. (कोट धुऊन झाले. फ्रिज अजून यायचा आहे.)

बायको दुकानातच एका कोपऱ्यात बसून शर्टांची बटणं लावायची. तिने तोंडातला दोरा तोडला आणि म्हणाली, "अहो, तिची ती करेल की. तिला सगळं समजतं."

"तिला समजतं म्हणूनच. तिने अभ्यास केला. आता एवढं तरी मला करू दे."

यावर बायकोने पुढचं बटण उचललं. कारण मुलीच्या अभ्यासात लाँड्रीवाल्यांचा वाटा तिसरीतच संपला होता. तिसरीपर्यंत ते पाढे घ्यायचे. चौथीत मुलगी त्यांचे पाढे घ्यायला लागली.

या मुलीला घरात सगळे मुंगी म्हणत. रांगायला लागल्यापासून ती आपल्याहून मोठं काहीतरी ओढत नेत असे. आधी उशी, मग खुर्ची, आणि आता बारावीत अख्ख्या विभागात तिसरा नंबर ओढून आणला होता. तिला पूल बांधायचे होते. दुकानातल्या तारेच्या हँगरचे तिने इतके पूल बांधले होते, की गिऱ्हाइकांचे कपडे घडी घालूनच परत जात. "हँगर कमी पडले, माफ करा," असं म्हणायची लाँड्रीवाल्यांना सवयच झाली होती.

मुंगीने मोबाईलवर कॉलेजं शोधून ठेवली होती. ती वडिलांना समजावून सांगू लागली.

"बाबा, हे कॉलेज हुशार मुलांना पहिल्या वर्षाची फी सोडतं. दुसऱ्या वर्षी धरतं."

"म्हणजे गळाला लावलेलं आमिष."

"हे अर्धी सोडतं, पण मार्क जरा घसरले की मागची सोडलेलीसुद्धा परत मागतं."

"हा तर चोरावर मोर!"

"आणि या कॉलेजच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'गुणवंतांचे स्वागत'. मी फोन केला. स्वागत म्हणजे खरंच स्वागत. फुलांचा गुच्छ देतात आणि फी घेतात."

"आणि हे टेकडीवरचं?"

मुंगीचा आवाज थोडा हळू झाला. "हे चांगलं आहे. पुलांचं शिक्षण इथे सगळ्यांत चांगलं. आणि खूप मार्क असलेल्या मोजक्या मुलांना चारही वर्षांची सगळी फी सोडतात. पण अर्ज तिथे जाऊन द्यायचा, काय काय लागतं तेही तिथेच विचारायचं. आणि शुक्रवार शेवटचा."

"नाही मिळालं तर?"

"तर कोपऱ्यावरचं कॉलेज. तिथे पूल नाहीत. हिशेब आहेत. हिशेबही चांगले असतात, बाबा." असं म्हणून तिने हँगरच्या पुलाची एक तार सरळ केली. ती आधीच सरळ होती.

तेव्हाच लाँड्रीवाल्यांनी ठरवलं की हे काम आपणच फत्ते करायचं.

आता, माणूस स्वतःच्या बुद्धीने चुकला तर फार लांब जात नाही. लांब जायला दुसऱ्याचा सल्ला लागतो. तो द्यायला संध्याकाळी मेहुणे आले. मेहुण्यांना प्रत्येक खात्यातली आतली गोष्ट माहीत असे, फक्त आत कधी गेलेले नसत.

"भाऊजी, तिथे जाऊन स्कॉलरशिप वगैरे इंग्रजी झाडू नका," मेहुणे म्हणाले. "स्कॉलरशिप म्हटलं की ते ढीगभर दाखले मागतात. सरळ आपल्या भाषेत म्हणायचं, पूर्ण माफी पाहिजे."

"माफी मागायची?"

"मागायची! न लाजता मागायची."

"लाजतो कशाला? माफी मागण्यात माझा हात कोण धरणार?" लाँड्रीवाले म्हणाले, आणि यात तिळमात्र अतिशयोक्ती नव्हती. लाँड्रीचा धंदा अर्धा साबणावर चालतो आणि अर्धा माफीवर. कुणाचं बटण जातं, कुणाच्या पांढऱ्याला निळ्याची संगत लागते. लाँड्रीवाल्यांचं माफीचं वाक्य ठरलेलं होतं, आणि ते झोपेतही बिनचूक म्हणत.

गुरुवारी सकाळी ते स्वतःच इस्त्री केलेला शर्ट घालून टेकडीवरच्या कॉलेजात गेले. (त्या शर्टाच्या घडीने कांदा चिरता आला असता.) फाटकाशी पहारेकरी होता.

"कुणाकडे?"

"माफीसाठी आलोय. पूर्ण माफी."

पहारेकऱ्याने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. चेहऱ्यावर दया आली. "मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"घ्या! आता मुलीसुद्धा!"

"हल्ली मुलीच पुढे असतात," लाँड्रीवाले अभिमानाने म्हणाले.

"खरंय बाबा. काळच तसा आलाय. दुसरा मजला, शेवटची खोली. मान खाली घालून जा."

दार ठेंगणं असेल, असं समजून लाँड्रीवाले जिना चढले. दार चांगलं उंच होतं. वर पाटी होती, 'शिस्तपालन समिती'. पाटी वाचून ते क्षणभर थांबले आणि मग त्यांना पटलं. शिस्तीशिवाय का कुणाला एवढे मार्क पडतात? हुशार मुलांची समिती या नावाचीच असणार.

बाहेरच्या बाकावर दोघंजण आधीच बसले होते. एक दातांचे डॉक्टर होते आणि एक बँकेतल्या बाई. दोघांचे चेहरे दाढ काढून घेतल्यासारखे.

डॉक्टरांनी सरकून जागा दिली. "तुमचं कोण?"

"मुलगी."

"गुण काय म्हणतात?"

"काय सांगू तुम्हाला! एकेका विषयात बघत राहावं असे गुण आहेत."

"सगळ्याच विषयांत?" डॉक्टर दचकले. "आमच्या चिरंजीवांचा एकच विषय. चित्रकला. प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर नाव लागलंय त्याचं."

"भिंतीवर? अरे वा! मोठ्या अक्षरांत?"

"हातभर एकेक अक्षर. लाल रंगात."

"मग नाव काढलं हो पोराने!"

"आता रोज येणारा-जाणारा वाचतो."

"वाचू द्या की! पुसू नका म्हणावं."

डॉक्टरांना हा माणूस आपल्याला टोचून बोलतोय असं वाटलं आणि ते खिडकीकडे बघायला लागले. लाँड्रीवाल्यांना वाटलं, किती विनयशील माणूस! स्वतःच्या मुलाची स्तुतीसुद्धा ऐकवत नाही. ते बँकेतल्या बाईंकडे वळले.

"तुमचाही हुशारच असेल?"

"नको तिथे हुशार," बाई उसासा टाकून म्हणाल्या. "त्याने प्रयोगशाळेत जे काही केलं, ते बघायला बाहेरून माणसं आली."

"बाहेरून!"

"शिड्या घेऊन."

शिड्या फोटो काढायला आणल्या असतील. मुंगीच्या निकालाच्या वेळी आपल्याकडे एक साधा फोटोवाला आला होता, तोही स्टुलावर चढला नव्हता, हे आठवून लाँड्रीवाल्यांना जरा कमीपणा वाटला. इथे चुरस मोठी होती तर.

"घरी काय म्हणाले तुमच्या?" बाईंनी विचारलं.

"घरी? घरी आम्ही टाळ्या वाजवल्या. शेजारच्या आजींच्या तर डोळ्यांत पाणी आलं."

"आजींचं समजू शकते मी," बाई म्हणाल्या आणि बाकावर थोड्या लांब सरकल्या.

इतक्यात आतून बोलावणं आलं. आत उपप्राचार्य बाई बसल्या होत्या. चष्मा, ताठ कणा, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. शेजारी शिपाई शिक्का हातात घेऊन उभा होता. टेबलावर कागद पडला की त्याचा हात आपोआप खाली यायचा, इतकी त्याला सवय.

"बसा. माफी मागायला आलात?"

"हो बाई. पूर्ण माफी."

"पूर्ण की अर्धी, ते मी ठरवीन. मुलगी का आली नाही?"

"मीच नको म्हटलं. म्हटलं, तू तुझं केलंस, आता पुढचं मी बघतो."

"इथेच चुकतं पालकांचं!" बाई म्हणाल्या. "कधीपासून चाललंय हे?"

"पहिलीपासून."

"पहिलीपासून! आणि तुम्ही काहीच केलं नाहीत?"

लाँड्रीवाल्यांच्या काळजात दुखरी जागा होती, तिथेच बोट पडलं. "तिसरीपर्यंत प्रयत्न केला बाई. रोज घेऊन बसायचो. पुढे माझ्या आवाक्याबाहेर गेलं."

"आणि आई?"

"आई म्हणते, करू दे, वयच आहे तिचं."

"संगत कुणाची आहे?"

"कुणाची नाही. एकटीच करते. दार लावून. हाक मारली तरी उठत नाही."

बाईंनी चष्मा काढला. इतकी वर्षं खुर्चीवर बसून त्यांनी दार फोडणारी मुलं पाहिली होती, दार लावून एकटीने गुन्हे करणारी मुलगी पहिल्यांदाच ऐकत होत्या. "हे बघा, हे फार गंभीर आहे," असं म्हणून त्यांनी लाँड्रीवाल्यांकडे असं काही रोखून पाहिलं, की घात झाला.

कारण समोर रागावलेला चेहरा दिसला की लाँड्रीवाल्यांच्या डोक्याचं काम थांबतं आणि सवयीचं सुरू होतं. बाईंनी कोरा कागद पुढे सरकवून "लिहून द्या" म्हटलं मात्र, त्यांनी वर मुलीचं नाव घातलं आणि खाली आपलं ठरलेलं वाक्य सुवाच्य अक्षरात लिहून टाकलं, "झाल्या प्रकाराबद्दल मनापासून माफी असावी. पुन्हा असे होणार नाही. परत आणून दिल्यास विनामूल्य धुऊन देऊ."

कागद टेबलावर पडला. शिपायाचा हात खाली आला. शिक्का बसला, नोंद झाली.

बाईंनी कागद वाचला आणि ताडकन उभ्या राहिल्या. "धुऊन देऊ? मुलीला धुऊन काढणार तुम्ही?"

"म्हणजे... डाग राहिला असेल तर."

"तिच्या अंगाला बोट लावायचं नाही! कितीही डाग लागला असेल तरी! शिस्त म्हणजे मारझोड नव्हे. ताबडतोब बोलवा तिला. वर्ग कुठला? रोल नंबर?"

"रोल नंबर अजून कुठला, बाई? प्रवेश व्हायचाय अजून."

शिपायाने शिक्का पाठीमागे लपवला.

"प्रवेश व्हायचाय," बाई सावकाश म्हणाल्या. "प्रवेश नाही, आणि माफी मागायला आलात."

"मग कधी मागायची? शुक्रवार शेवटचा ना?" लाँड्रीवाले काकुळतीला आले. "विभागात तिसरी आलीय हो. घरात पैशांचं जमण्यासारखं नाही. आणि पुन्हा असं होणार नाही ते चुकून लिहिलं. होणार! दरवर्षी होणार! तिला तुम्ही घेतलंत तर बघाच काय करते ती!"

बाई खाली बसल्या. त्यांनी चष्मा घातला, परत काढला. ओठांचा एक कोपरा हलला, पण त्यांनी तो शिस्तीत आणला.

"अहो, तुम्हाला फी माफी हवी होती. ती खिडकी तळमजल्यावर."

"असं होय! मग खाली जातो."

"जाऊन उपयोग नाही." बाईंनी कागदाकडे बोट दाखवलं. "ज्याच्या नावावर शिस्तभंगाची नोंद असेल त्याला फी माफी नाही. नियम आहे. मीच केलाय."

"मग खोडून टाका ना नोंद."

"एकदा शिक्का पडला की नोंद खोडता येत नाही." बाई जरा थांबल्या. "तोही नियम मीच केलाय. उद्या मुलीला घेऊन या. बघू."

घरी येऊन लाँड्रीवाल्यांनी सगळं सांगितलं. खोटं बोलायचं त्यांच्या मनात आलं होतं, पण त्यासाठीही थोडी हुशारी लागते.

बायकोने हातातला शर्ट खाली ठेवला. "म्हणजे पोरगी अजून कॉलेजात गेली नाही, आणि कॉलेजातून काढायची वेळ आली?"

"काढलेलं नाही गं. फक्त घेत नाहीयेत."

मुंगीने विचारलं, "बाबा, विनामूल्य धुऊन देऊ, असं खरंच लिहिलंत?"

"सवयीने गं."

ती हसली. पोट धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पाणी पुसून कोपऱ्यात गेली आणि पुलाची ती आधीच सरळ असलेली तार पुन्हा सरळ करायला लागली. लाँड्रीवाल्यांनी ते पाहिलं. इस्त्रीचा चटका त्यांना अनेकदा बसला होता, पण असा कधी बसला नव्हता.

शुक्रवारी तिघंही निघाले. मुंगीने हँगरचा सगळ्यांत मोठा पूल काखेत धरला होता. बायकोने वाटेतच ताकीद दिली, "आज तुम्ही तोंड उघडायचं नाही. माफीसाठी तर नाहीच नाही."

बाकावर आजही दातांचे डॉक्टर होते. पोराने म्हणे पुसायला लावलेली भिंत निळी रंगवून ठेवली होती. सगळं कुटुंब बघून ते हबकले. "आज सहकुटुंब? फारच मोठा पराक्रम दिसतोय."

आत उपप्राचार्य बाईंनी गुणपत्रिका पाहिली. परत पाहिली. मग पुलाकडे वळल्या. पेपरवेट ठेवला, पूल हलला नाही. नियमांचं जाडजूड पुस्तक ठेवलं, तरी हलला नाही.

"चांगला आहे," बाई म्हणाल्या. "पण समज, कोसळला असता तर दोष कुणाचा? हँगरचा?"

"नाही बाई. बांधणाऱ्याचा," मुंगी म्हणाली.

"मग ही नोंद. नाव तुझं आहे."

वडिलांकडे मुंगीने मुद्दामच पाहिलं नाही. तिचं न पाहणं लाँड्रीवाल्यांना बरोबर दिसलं. बायकोने दंडाला चिमटा काढला होता, तरी ते उठून उभे राहिले.

"बाई, लिहिलं मी. हिला ठाऊकसुद्धा नव्हतं. नोंद खोडता येत नसेल तर खोडू नका. फक्त नाव बदला, माझं घाला. हिला असा डाग पहिल्यांदाच लागेल, आणि चार वर्षं लागून राहील. मला काय, सवय आहे."

बायकोने चिमटा सोडला आणि त्यांच्याकडे पाहिलं. दुकानात पहिली नवी इस्त्री आणली होती आणि ती खरोखरच तापली होती, तेव्हा पाहिलं होतं तसं.

बाईंनी पुलावरचं पुस्तक उचललं, बोटाने एकेक ओळ वाचली. "नोंद खोडू नये असं लिहिलंय. दुसऱ्याच्या नावावर करू नये असं मी कुठे लिहिलेलं दिसत नाही." मग शिपायाकडे बघून म्हणाल्या, "लिहा. शिस्तभंग वडिलांकडून. आणि मुलीचा अर्ज खाली नाही, इथेच घ्या."

शिपायाने आनंदाने दोन शिक्के मारले. एक जास्तीचा टेबलावर पडला.

पुढच्या आठवड्यात कॉलेजचं पाकीट आलं. मुंगीने दुकानातच फोडलं. चारही वर्षांची पूर्ण माफी! बायकोने बटणांचा डबाच उपडा केला, मेहुण्यांनी "मी म्हटलंच होतं, माफी मागा" असं सगळ्या रस्त्याला ऐकवलं, आणि लाँड्रीवाल्यांनी एका गिऱ्हाइकाची विजार तेवढ्यात थोडी जाळली.

पाकिटात अजून एक कागद होता. तो लाँड्रीवाल्यांच्या नावाने होता. शिस्तभंग झाल्याबद्दल समज देण्यात येत आहे, आणि ती मिळाल्याची पालकांची सही घेऊन कागद परत पाठवावा, असं त्यात लिहिलं होतं.

"माझ्या पालकांची?" लाँड्रीवाले गोंधळले. "आता या वयात माझे पालक कोण?"

बायकोने तोवर पेन शोधलंसुद्धा होतं. तिने 'पालक' या शब्दापुढे झोकदार सही केली. खाली आणखी एक ओळ होती, 'पाल्याविषयी काही सांगायचे असल्यास'. ती जरा विचारात पडली, एकदा नवऱ्याकडे पाहून हसली, आणि मुंगीला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लिहिलं:

"मुलगा गुणी आहे. चौकशीला एकट्याने पाठवू नये."